सरपंच झालेल्या नातीला

पोरी, गुलाल, हार, डीजे सगळं उरकलं असेल तर जरा माझ्यापाशी बस. तू आता सरपंच आहेस आणि मला तुला काही गोष्टी सांगून ठेवायच्या आहेत. काही माझ्या वडिलांच्या आहेत. तुझे पणजोबा पोलीस पाटील होते, गावाचा कारभार कशावर चालतो हे त्यांना पुस्तकांवाचून कळत होतं. काही मला शाळेत इतिहास शिकवताना सापडल्या. आणि बऱ्याच तुर्कांच्या आहेत.

आपल्या किन्हवलीत तुर्क कुठून आले, असं तू विचारशील. शहापूरला उतरलीस की माहुलीचे सुळके दिसतात ना? १६३६ साली मुघलांनी तो किल्ला वेढला. हे मुघल तैमूरच्या वंशातले. बाबराने स्वतःची हकीकत लिहिली तीसुद्धा चगताई तुर्कीत. गोवळकोंड्याचे कुतुबशहा तुर्कमान टोळीतले. आपल्या शेजारच्या जव्हारला महादेव कोळ्यांचं राज्य होतं. तिथल्या नेमशहाला १३४३ मध्ये दिल्लीने राजा म्हणून मान्यता दिली, आणि त्या वेळी दिल्लीच्या तख्तावर तुर्की वंशाचे तुघलक होते. म्हणजे राज्य कोणाचं, कशाच्या जोरावर आणि किती दिवस, याबद्दलचे तुर्कांचे विचार आपल्या या डोंगरांत शतकानुशतकं वावरत होते. आपल्या माणसांनी त्यातलं काही घेतलं, काही टाकलं. काय घेतलं आणि काय टाकलं, त्यातच तुझ्या उपयोगाचं पुष्कळ आहे.

मंगोलियात ऑर्खोन नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात आठव्या शतकात तुर्क राजांनी, म्हणजे कागानांनी, मोठाले दगड उभे करून त्यांवर आपला इतिहास कोरला. कुल तिगिन या राजपुत्राचा शिलालेख ७३२ सालचा, त्याचा भाऊ बिल्गे कागान याचा ७३५ सालचा. ती लिपी पुढे कोणाला वाचता येत नव्हती. १८९३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेनने ती उलगडली. त्या दगडांवर बिल्गे कागान आपल्या कारकिर्दीचा हिशेब देतो. लढाया आहेतच त्यात. पण तो सर्वांत अभिमानाने सांगतो ते असं की आपल्या हाती राज्य आलं तेव्हा लोक उपाशी आणि उघडे होते, त्यांना आपण खाऊ घातलं, कपडे दिले, थोडे होते ते पुष्कळ केले, आणि त्यासाठी रात्रीची झोप घेतली नाही. आधीचं राज्य बुडालं त्याचा दोष तो एकट्या चिनी बादशहावर टाकत नाही. चीनच्या गोड बोलण्याला आणि मऊ रेशमाला भुललेले आपलेच सरदार, भावाभावांतली भांडणं आणि पूर्वजांचा कायदा सोडून दिलेले लोक, यांनाही तो खडसावतो.

राजाला सत्ता मिळते ती तेंग्रीच्या, म्हणजे आकाशाच्या कृपेने, असं ते मानत. त्या कृपेला त्यांनी कूत म्हटलं. पण ती काही जन्मभरासाठी मिळत नसे. लोक उपाशी राहिले, कायदा मोडला, की कृपा गेली आणि राज्यही गेलं. मला या विचारात फार बळ दिसतं. निवडणूक अधिकाऱ्याने तुला दिलेलं प्रमाणपत्र भिंतीवर लाव, जरूर लाव. पण नेमशहाचं उदाहरण विसरू नकोस. दिल्लीचा कागद येण्याआधीच त्याच्या मुकणे घराण्याच्या हातात गड होते, माणसं होती. दिल्लीने फक्त जे होतं ते मान्य केलं. तुझ्यापाशी गावातली माणसं नसतील तर तो कागद तुला बळ देणार नाही.

पहिल्या महिन्यातच एक काम कर. नवा कागान गादीवर बसताना तुर्क काय करत, हे चिनी बखरकारांनी लिहून ठेवलंय. सरदार त्याला नमद्यावर बसवून उचलत, सूर्याच्या दिशेने नऊ फेऱ्या मारत, मग घोड्यावर बसवत. आणि त्यानंतर रेशमी पट्ट्याने त्याचा गळा आवळत. शुद्ध हरपायला आली की पट्टा सैल करून विचारत, तू किती वर्षं राज्य करशील? त्या अर्धवट शुद्धीत तो जे पुटपुटेल त्यावरून त्याची मुदत ठरवत. माणसाला सत्तेच्या पहिल्याच दिवशी तिचा शेवट दाखवायचा, हा विचार मला शहाणपणाचा वाटतो. तुझी मुदत कायद्याने पाच वर्षांची आहे, कोणी गळा आवळायची गरज नाही. पण कार्यभार घेताना जे दप्तर मिळालं त्याची यादी आजच कर. कोणती नोंदवही आहे, कोणती नाही, कोणत्या कामाचं मोजमाप पुस्तक गहाळ आहे, हे ग्रामसेवकाच्या सहीनिशी लिहून ठेव. आणि जाताना काय देऊन जायचं तेही त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात कर. माझे वडील पाटीलकीचं दप्तर लाल फडक्यात बांधून ठेवायचे. घरी कोणीही आला तरी ते फडकं दुसऱ्याला सोडू देत नसत.

आता न्यायाचं. मध्य आशियातल्या बालासागुन गावचा यूसुफ खास हाजिब म्हणून एक विद्वान होता. त्याने १०६९-७० च्या सुमारास काश्गरच्या काराखानी राजासाठी कुतद्गू बिलिग नावाचं मोठं काव्य लिहिलं. त्यात चारच मुख्य माणसं आहेत. राजा म्हणजे न्याय, वजीर म्हणजे दैव, वजिराचा मुलगा म्हणजे बुद्धी, आणि एक विरक्त संन्यासी. त्यात राजा वजिराला भेटायला बोलावतो तो प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. राजा बसलाय चांदीच्या तिवईवर. हातात सुरी. उजवीकडे साखर, डावीकडे कडू औषधी. वजीर घाबरतो. मग राजा त्याला अर्थ सांगतो. तीन पायांची बैठक कुठेही ठेवली तरी डगमगत नाही, तसा मी कोणाच्या बाजूला कलत नाही. सुरीने कापावं तसं मी काम कापून टाकतो, लांबवत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो माझ्याकडून साखर घेऊन जातो आणि ज्याने केला तो कडू पिऊन जातो.

यातलं लांबवत नाही हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गावात अन्याय फार वेळा नकारातून होत नाही, तो उशिरातून होतो. घराची नोंद, नळजोडणी, रहिवासी दाखला, रमाई आवास, शबरी आवास, कसलाही अर्ज असो, आला त्याच दिवशी आवक नोंदवहीत चढला पाहिजे आणि अर्जदाराच्या हातात पोच पडली पाहिजे. ज्याच्याकडे पोच नाही त्याला तालुक्याला कोणी विचारत नाही. नाही म्हणायचं असेल तर तेही लेखी आणि कारणासकट सांग. माणूस नकार पचवतो, पण महिनोन्महिने पंचायतीच्या पायरीवर बसणं त्याच्या मनातून जात नाही.

आणि सही. शिवाजीराजांनी गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे वेगवेगळे अधिकारी नेमले. एकाच्या हातात किल्ल्या, दुसऱ्याच्या हातात हिशेब, तिसऱ्याच्या हातात शिबंदी. एक फितला तरी गड जाऊ नये म्हणून. ग्रामनिधीचा धनादेश तुझ्या आणि ग्रामसेवकाच्या अशा दोन सह्यांनी निघतो, त्यामागेही हाच विचार आहे. कोरा धनादेश सही करून ठेवायला तुला कोणीतरी सांगेल. मॅडम, तुम्हाला परत यायचा त्रास नको, असं प्रेमानेच सांगेल. एकदाही करू नकोस. काम पाहून आल्याशिवाय बिलावर सही नाही, आणि बिलावरची तारीख वाचल्याशिवाय तर मुळीच नाही. हा तुझ्या पणजोबांचा कानमंत्र आहे. ते पंचनामा नेहमी जागेवर बसून लिहायचे, चावडीत येऊन कधी नाही.

आता जे सांगतो ते नीट ऐक, कारण ते तुझ्यासाठी सर्वांत अवघड आहे.

तैमूरने अर्धा आशिया जिंकला, पण १४०५ मध्ये मरेपर्यंत त्याने स्वतःला खान म्हणवून घेतलं नाही. त्या मुलखात चंगीझखानाच्या रक्ताचाच माणूस खान होऊ शकतो, अशी धारणा होती. म्हणून तैमूरने चंगीझच्या वंशातला एक नामधारी खान गादीवर ठेवला आणि स्वतः नुसता अमीर म्हणून राज्य चालवलं. नाव एकाचं, हुकूम दुसऱ्याचा. हीच गोष्ट आपल्या मातीत शहाजीराजांना करावी लागली. निजामशाही बुडत होती. भोसल्यांच्या नावाने तख्त उभं केलं तर एकही सरदार मानणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून १६३३ मध्ये संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्यांनी निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार हाकला. तीन वर्षं त्यांनी दिल्लीला झुंजवलं. फार मोठा पराक्रम होता तो. पण शेवट आपल्या माहुलीवर झाला. मुघलांचा खानजमान आणि आदिलशहाचा रणदुल्लाखान यांनी गडाला वेढा घातला. १६३६ मध्ये शहाजीराजांना गड सोडावा लागला आणि तो मुलगा मुघलांच्या हवाली करावा लागला. मुलगा गेला त्याच दिवशी सगळी उभारणी गेली, कारण ती त्याच्या नावावर उभी होती. शहाजीराजांची फौज होती, बुद्धी होती, मुलखाची माहिती होती, पण त्यांच्या नावावर काहीच नव्हतं.

मला वाटतं, शिवाजीराजांनी हे वडिलांकडून सर्वांत खोलवर घेतलं असणार. ६ जून १६७४ ला रायगडावर त्यांनी स्वतःचं सिंहासन, स्वतःचं छत्र, स्वतःचं नाणं आणि स्वतःचा शक सुरू केला. कोणाच्या नावाआडून राज्य करणं संपलं.

आता तू तुझ्या खुर्चीकडे बघ. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, आणि अनेक गावांत खुर्चीवर नवरा, सासरा नाहीतर दीर बसतो. सही तेवढी बाईची. लोक त्याला सरपंचपती म्हणतात आणि त्यात कोणाला वावगं वाटेनासं झालंय. मला वाटतं. तुझा नवरा भला माणूस आहे, त्याला मी लहानपणापासून ओळखतो, म्हणूनच हे मी त्याच्यासमोर सांगतोय. मासिक सभेत तो आत बसणार नाही. ग्रामसेवकाचा फोन तुझ्या नंबरवर येईल. पंचायत समितीत तू स्वतः जाशील, पहिल्या दोन वेळा काही कळलं नाही तरी. ठेकेदार घरी आला तर त्याला पंचायतीत यायला सांगशील. सल्ला घरात घे, हवा तेवढा घे, माझाही घे. पण ठराव तू मांडायचा आणि उत्तर तू द्यायचं. ज्या दिवशी चौकशी लागेल त्या दिवशी नोटीस तुझ्या नावाने येईल.

याच्याच जोडीला भाऊबंदकी. तुर्क आणि मंगोल राजघराण्यांत एक जुनी समजूत होती की राज्य एका माणसाचं नसतं, सगळ्या घराण्याचं असतं. म्हणजे प्रत्येक मुलगा हक्कदार. म्हणून बाप आजारी पडला की मुलं तलवारी उपसत. उस्मानी तुर्कांनी यावर फार क्रूर तोडगा काढला, नव्या सुलतानाने भावांना मारून टाकायची मुभाच कायद्यात लिहिली. मुघलांनी काहीच तोडगा काढला नाही. सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला आणि चारही मुलं एकमेकांवर उठली. औरंगजेबाची नजर दख्खनवरून दिल्लीकडे वळली. विजापूरकडे आदिलशहा आदल्याच वर्षी वारला होता, तिथेही गोंधळ. शिवाजीराजांनी त्याच ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि १६५८ च्या जानेवारीत माहुली. वडिलांनी सोडलेला गड मुलाने बावीस वर्षांनी घेतला, तो समोरच्या घरातली भावंडं भांडत असताना. बाहेरचा माणूस आत येतो तो अशाच फटीतून.

आपल्या घरात तुझे दोन काका ठेकेदारी करतात. मला त्यांचंही वाईट व्हायला नको आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ एकदा शांतपणे वाचून घे. पंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असला तर पद जातं. गायरानावर, सरकारी जागेवर अतिक्रमण असलं तरी जातं. पद जाण्याची भीती हे कारण पुरेसं आहेच. पण मोठं कारण असं की तुझं घर गावाच्या पैशाने रस्ता करतंय असं एकदा लोकांच्या मनात बसलं, की मग तू कोणाचंही अतिक्रमण काढायला उभी राहू शकणार नाहीस. दोघांनाही दिवाळीत घरी बोलव, फराळ दे, आणि ही पाच वर्षं दुसऱ्या पंचायतीत कामं शोधा असं स्वतःच्या तोंडाने सांग.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र तुला माझ्या कपाटात मिळेल. कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी १७१५ च्या सुमारास लिहिलेलं. त्यात वतनदारांबद्दल जे म्हटलंय ते वाचताना मला गावोगावचे पुढारी डोळ्यांसमोर येतात. अमात्य म्हणतात की ही मंडळी म्हणजे जागोजागचे छोटे राजेच. राजा प्रबळ असेल तोवर नमून राहतात, परचक्र आलं की आधी त्याला जाऊन मिळतात. पण त्यांना मुळापासून उपटून टाका असं ते सांगत नाहीत. मान राखा आणि सत्ता देऊ नका, असा त्यांचा रोख आहे. तुझ्या गावातल्या जुन्या पुढाऱ्याला पंधरा ऑगस्टला पहिल्या रांगेत बसव, नारळ त्याच्या हातून फोड. लाभार्थ्यांची यादी मात्र त्याच्या ओसरीवर व्हायची नाही. त्याच आज्ञापत्रात झाडांबद्दल आहे. आरमाराला लाकूड हवं, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण ती झाडं लोकांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. जुनं झालेलं झाड हवंच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यायचं. रस्ता रुंद करताना कोणाच्या परसातलं झाड जाणार असेल तेव्हा हे आठव आणि आधी त्या घरी जा.

आता तुर्कांचं जे मला पटत नाही ते. ऑर्खोनचा कागान असो की कुतद्गू बिलिगचा राजा, दोघेही लोकांना खाऊ घालतात. यूसुफ म्हणतो, राज्याला फौज लागते, फौजेला पैसा, पैशाला सुखी प्रजा आणि प्रजेला न्यायाचा कायदा, यातलं एक सुटलं की चारही गेले. हे सगळं खरं. पण त्यात प्रजेला विचारत कोणी नाही. सरदारांची सभा असते, तिला कुरुलताई म्हणत, खान तिथे ठरतो. मेंढपाळाला तिथे जागा नव्हती. तुझ्या कायद्यात आहे. आपला शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे १९९६ चा पेसा कायदा आपल्याला लागू आहे. आपल्याकडे आराखडा कोणता, लाभार्थी कोण, हे ग्रामसभेने ठरवायचं. कातकरी वाडीतल्या बाईला तू चार किलो तांदूळ दिलेस तर ती घेईल. पण तिला २००६ च्या कायद्याखालचा वनहक्काचा दावा हवा आहे, आणि त्यावर तिच्या नवऱ्याबरोबर तिचंही नाव हवं आहे. हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि विचारायचं तर ती गावात असली पाहिजे. हे मला बरीच वर्षं लक्षात आलं नव्हतं, सांगितलं ते एका कातकरी म्हाताऱ्याने. ग्रामसभा होतात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. म्हणजे चारांतल्या दोन सभांना वाडी जवळजवळ रिकामी. नेमके पाण्याचे, टँकरचे, घरकुलांचे विषय जानेवारीत आणि मेमध्ये घेतले जातात. तू वाडीचे सगळे विषय १५ ऑगस्टला घे. तो दिवस लावणी उरकल्यावरचा आहे, ठाकूरही घरी असतात. त्याच्या आधीची महिला ग्रामसभा शाळेत न घेता वाडीत घे, संध्याकाळी, भाकऱ्या झाल्यावर. पौषात म्हशाच्या जत्रेला निम्मं गाव मुरबाडकडे जातं, त्या आठवड्यात कसलीही बैठक लावू नकोस. कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या सभेत मोजकी माणसं गावाचं वर्ष ठरवतात.

पाण्याचं राहिलं. अमात्य सांगतात, गड बांधायचा तर आधी पाणी बघा, आणि एका झऱ्यावर विसंबू नका, टाकी खोदून ठेवा. आपल्या तालुक्यात तानसा, भातसा, मोडकसागर. मुंबई आपलं पाणी पिते आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवर टँकर फिरतात. भातशाचा प्रश्न तुझ्याने सुटणार नाही. पण टंचाई आराखड्यात आपला प्रत्येक पाडा नावानिशी असेल, हे तुझ्या हातात आहे. मार्चमध्ये विहिरी आटल्यावर धावलं तर प्रस्ताव, पाहणी, मंजुरी यात मे उजाडतो. पावसाळा सरत आला की ग्रामसेवक आणि तलाठ्याला घेऊन पाड्यापाड्याची विहीर बघ, मागच्या उन्हाळ्यात ती कधी आटली ते तिथल्या बायकांना विचार, त्या दिवस सांगतील. ते वहीत लिही आणि २ ऑक्टोबरच्या सभेत ठराव करून पंचायत समितीला दे, पोच घेऊन.

शेवटी पुन्हा माहुली. १६५८ नंतर तो गड पुढे मुघलांकडे गेला होता, आणि १६७० च्या फेब्रुवारीत मराठ्यांचा त्यावरचा हल्ला फसला. मुघलांचा किल्लेदार मनोहरदास गौड याने तो परतवला. पण हाताखालची शिबंदी पुढचा हल्ला पेलणार नाही हे ओळखून त्याने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलावर्दी बेग आला आणि १६ जूनला मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. आपल्या बाजूने ही विजयाची गोष्ट आहे आणि मी ती तशीच शिकवली. तू मात्र ती मनोहरदासाच्या बाजूने वाच. गडावर राहणाऱ्याला भिंत कुठे कच्ची आहे ते माहीत असतं. तुझ्याकडे अंगणवाडी सेविका येईल, आशा येईल, पंचायतीचा शिपाई येईल, पाणी सोडणारा येईल. ते सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घे आणि महिन्याच्या सभेत पहिला विषय तोच ठेव, इतिवृत्त वाचून कायम केल्यावर लगेच.